खाडीकडची तार

रेवदंडा, २१ ऑक्टोबर १९६३

दादा आणि जनीवहिनी,

दोघांना केसरचा नमस्कार. पत्राला उशीर झाला, पण कारण आनंदाचं आहे. आमच्या वाडीत वीज आली. विहिरीवर मोटार बसली आणि रहाट थांबला. पाणी एवढ्या जोरानं पाटात पडतं की पहिल्या दिवशी माडांच्या मुळाशी उभं राहून मी नुसती बघत होते. सासूबाईंनी मोटारीला कुंकू लावलं आणि हात मागे घेताना किंचाळल्या. मोटारीनं काही केलं नव्हतं, त्यांना आपली भीतीच. वर खोप घातलीय. आत खांबावर लोखंडी पेटी आणि तिला दांडा. दांडा वर केला की पाणी, खाली केला की बंद.

आता कामाचं. तू गिरणीत वायरमन, म्हणून यांनी तुला विचारायला सांगितलंय. पेटीतून दुसरी तार काढून वाडीच्या खाडीकडच्या टोकाला न्यायची आहे. तिथे दिवा लावायचा म्हणतात. रबराची तार महाग पडते, तर उघडी लोखंडी चालेल का? आणि पेटीतला फ्यूज सारखा उडतो. त्यात जाड तार घातली तर?

खाडीकडचं टोक तू पाहिलंयस. कोळीवाड्यातल्या बाया मासळीच्या पाट्या घेऊन तिथूनच बाजाराला जातात. मामंजींच्या आधीपासूनची वाट. यांना आता ती बंद करायची आहे. सुपारी चोरीला जाते म्हणतात. परवा यांनी मनुबाई कोळणीची पाटी लाथेनं उडवली, सगळे बोंबील चिखलात. मनुबाई ऐकणारी नाही. तिनं तोच चिखल उचलून यांच्या तोंडावर मारला. संध्याकाळी तिचा नवरा दादू वल्हं घेऊन दारात आला. लोक मध्ये पडले म्हणून निभावलं.

बाकी बरं आहे.

केसर


लालबाग, मुंबई, २९ ऑक्टोबर १९६३

केसर,

तुला आशीर्वाद, आणि मोटारीलाही. आता तुळशीरामला नीट सांग.

उघडी तार नाही. नाही म्हणजे नाही. दिवा लावायचा तर रबराची तार घ्या, खांबांवर चिनी मातीची चाकं लावून उंचावरून न्या, हात पोचणार नाही अशी. फ्यूजमध्ये जाड तार घालणं म्हणजे राखणीच्या कुत्र्याला मारून निवांत झोपणं. फ्यूज उडतो तो काहीतरी बिघडलंय हे सांगायला उडतो. मोटारीच्या लोखंडाला जमिनीत जाणारी अर्थची तार जोडलेली आहे ना बघा. ओल्या हातानं, ओल्या पायानं दांड्याला शिवू नका.

तुळशीराम म्हणेल, मेहुणा मुंबईत राहून भित्रा झाला. म्हणून एक गोष्ट लिहितो. आमच्या खात्यात सदा नावाचा माझा जोडीदार होता. मोटार उघडून आत हात घालून बसलेला. खालच्या कोणीतरी, मोटार का बंद म्हणून, दांडा वर केला. सदा ओरडला नाही. ओरडता येतच नाही. जबडा असा आवळला की दातांचे तुकडे ओठांतून बाहेर आले. शेजारी अनंता होता, त्याच्याच गावचा. त्यानं धावत जाऊन सदाच्या कमरेला मिठी मारली, ओढून काढायला. ती मिठी सुटली नाही. मी दांड्यापर्यंत पोचून तो खाली केला तेव्हा दोघं एकदम पडले. एकाच्या जागी दोन गेले, केसर. अनंताच्या बायकोला मीच सांगायला गेलो. तिनं माझ्या छातीवर मुठी मारल्या आणि मी मारून घेतल्या.

तेव्हापासून मी काम करताना फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो. कोणी साहेब येऊ दे, देत नाही.

एक विचारतो. दिव्याला उघडी तार कशाला लागते? तुळशीराम दुसरं काही करत नाही ना?

गुणाजी


रेवदंडा, १ डिसेंबर १९६३

दादा,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. सदाची गोष्ट पुन्हा वाचायला लावली. म्हणाले, एवढी ताकद असते होय.

मी बरी आहे. पायरीवरून पाय घसरला, ओठ फाटला आणि पुढचा दात गेला. तेवढं सोडलं तर बरी आहे.

इकडे वाटेवरून मारामाऱ्या चालल्यात. यांनी काटेरी कुंपण घातलं, दुसऱ्या दिवशी ते जाळलेलं. मग सुपारीची नवी रोपं एका सकाळी सगळी आडवी, कोयत्यानं. कोणी केलं कोणी पाहिलं नाही. यांनी बाजारात दादूला गाठून काठीनं मारलं. त्याचा कान फाटला. जाताना दादू म्हणाला, 'वाट आमची, वाडी तुझी. वाट सोड, न्हायतर वाडी जाईल.'

आता यांनी खुंटे ठोकून लोखंडी तार ओढलीय, कमरेएवढ्या उंचीवर. रानडुकरांसाठी म्हणतात. वीज रात्री सोडतात आणि उजाडलं की दांडा खाली करतात. मोटारीला वेगळा दांडा लावलाय. कोळीवाड्यात सांगितलंय का विचारलं तर म्हणाले, डुकरांना सांगून मारतात काय?

दादा, एखादं माणूस तारेला चिकटलं तर जवळच्यानं काय करायचं? नीट, पायरीपायरीनं लिही. पत्र माझ्या नावानं टाक.

केसर


लालबाग, मुंबई, ७ डिसेंबर १९६३

केसर,

तुझं पत्र वाचलं. पायरीवरून पडून पुढचा दात जात नाही, हे मला कळतं. पण आधी तू विचारलंस ते.

चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. तो नवरा असो, पोर असो, देव असो. हात लावलास की तू पण गेलीस. धावायचं ते दांड्याकडे. दांडा खाली करायचा. दांड्याशी पोचता येत नसेल तर सुकं लाकूड घ्यायचं, सुका बांबू, ओला नको, धातू नको. पायाखाली सुका पाट किंवा कोरडं गोणपाट टाकायचं आणि त्यावर उभं राहून त्या माणसाला ढकलायचं. ढकलून सुटत नसेल तर मारायचं. जोरात. हाड मोडलं तर मोडू दे, हाड जुळतं. सुटल्यावर श्वास चालतो का बघायचं आणि माणूस दवाखान्यात न्यायचा.

आता हे तुळशीरामला वाचून दाखव.

तुळशीराम, ती तार आज काढा. डुक्कर आणि माणूस यांत तार फरक करत नाही. ओल्या वाळूत अनवाणी उभं असलेलं माणूस तिला शिवलं की संपलं. याला राखण म्हणत नाहीत, खून म्हणतात. नाताळात सुटी मिळाली की मी येतो आणि माझ्या हातानं ती तार तोडतो. तोवर काही झालं तर माझी बहीण मी परत घेऊन जाईन आणि तुमच्याविरुद्ध मीच फिर्याद देईन.

गुणाजी


लालबाग, मुंबई, ४ जानेवारी १९६४

केसर,

उत्तर का नाही? नाताळात गिरणीत मोठी मोटार जळाली, मला सोडलं नाही. काल भाऊच्या धक्क्यावर तुमच्याकडच्या लाँचवरचा एक खलाशी भेटला. म्हणाला, तुळशीरामच्या वाडीत कोळीण मेली. मी विचारलं कशानं. म्हणाला, त्याच्या बायकोनं बांबूनं मारली, दुसरीचा हात मोडला, सगळ्या कोळीवाड्यानं डोळ्यांनी बघितलं.

मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं.

माझी केसर असं करणार नाही, असं मी जनीला सांगितलं. पण रात्रभर डोळा लागला नाही. तुम्हा नवराबायकोचं त्या वाटेनं काय करून ठेवलंय मला ठाऊक नाही. जे झालं असेल ते तुझ्या अक्षरात लिही.

गुणाजी


रेवदंडा, १६ जानेवारी १९६४

दादा,

उजव्या हाताची बोटं सुजलीत म्हणून अक्षर असं आहे. खलाशानं सांगितलं ते लोकांनी पाहिलं तेवढं. आता मी सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी यांना वाचून दाखवलं. यांनी पत्र हातातून घेऊन चुलीत घातलं आणि मला मारलं. पण माझं वाचून झालं होतं. पहिला भाग मी पोस्टमनसमोरच उभी राहून वाचला होता आणि तो पाठ झाला होता.

ती सकाळ. उजाडून बराच वेळ झाला होता, ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली आलं होतं. दांडा खाली झाला असेल असं मी धरून चालले. विहिरीपाशी हंडे घासत होते. खाडीकडून बाया आल्या. पुढे मनुबाई, मागे तिची जाऊ काशी. पाट्यांतून पाणी गळत होतं, लुगडी कमरेपर्यंत ओली. मनुबाईनं मला बघून हाक मारली, 'केसर, तुझ्या नवऱ्याला सांग, ही वाट त्याच्या बापानं न्हाय—' आणि बोलता बोलता तार वर उचलायला हात घातला.

पुढचं बोलणं आलंच नाही. पाटी डोक्यावरून पडली. मासळी पसरली. मनुबाई तशीच वाकलेली, मूठ तारेवर, मान मागे खेचलेली. काशीला वाटलं कमरेत उसण भरली. 'काय झाला गो?' म्हणत तिनं मागून तिची कंबर धरली. मग तीही.

मी ओरडले, 'दांडा खाली करा!' हे खोपीत होते, मला दिसत होते. मी धावले. दारात पोचले तर हे पेटीला पाठ लावून उभे, हाताची घडी घालून. मी म्हटलं, 'अहो, माणसं चिकटलीत!' म्हणाले, 'चिकटूंदे. जरा कळूंदे.'

दादा, चेहऱ्यावर राग नव्हता. राग मला माहीत आहे, राग मी रोज बघते. हे शांत होते. बाजारात वजन होईपर्यंत माणूस उभा राहतो तसे.

मी दांड्याकडे झेप घेतली. पोटात लाथ बसली. पुन्हा उठून गेले, तर केस धरून माझं डोकं खांबावर आपटलं. 'चोरट्यांची बाजू घेतेस?' डोळ्यांवर रक्त आलं. तिसऱ्यांदा मी दांड्याकडे गेले नाही. दांड्याशी पोचता येत नसेल तर सुकं लाकूड. खोपीच्या वळचणीत बांबू होता. दाराशी सुपारी सोलायला बसायचा पाट होता. दोन्ही घेऊन पळाले.

तारेला वळसा घालून त्यांच्या बाजूला आले आणि काशीजवळ पाट वाळूवर टाकून त्यावर चढले. काशीला बांबूनं ढकललं. हलेना. तिचे डोळे उघडे होते, माझ्याकडेच. मग दोन्ही हातांनी बांबू डोक्यामागे नेला आणि तिच्या कोपराखाली मारला. पुन्हा मारला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तरी सुटेना. तेव्हा मी लाकूड फोडावं तसं मारलं, आणि ती बाजूला चिखलात पडली.

मनुबाईच्या मनगटावर मारलं, पण मूठ तारेवर वळली होती. मग तारेवरच मारत सुटले. खुंट्यावरून तार सुटली आणि तिला घेऊन खाली पडली. तळव्यातून धूर येत होता. मी तो वास सांगणार नाही.

तेवढ्यात कोळीवाडा धावत आला. पुढे दादू. बायकोला उचलायला वाकणार तोच मी बांबू आडवा मारला, त्याच्या छातीवर. तार जिवंत होती ना! मी ओरडत होते, 'शिवू नको, शिवू नको!' पण त्याला काय दिसलं? वाडीवाल्याची बायको, तोंड रक्तानं माखलेलं, हातात बांबू, पायाशी त्याच्या घरच्या दोन बाया. त्यानं पुन्हा झेप घेतली, मी पुन्हा मारला. गर्दी बघून यांनी तेव्हा कुठे दांडा खाली केला, आणि दोन्ही हात वर करून बाहेर आले, 'बंद केली, मी वीज बंद केली!' हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

मग माझ्या हातातला बांबू माझ्याच पाठीवर मोडला. दादूनं मला केसांनी धरून मासळीतून ओढत नेलं. बायांनी तुडवलं. बोटं तिथेच चेचली. यांना वल्ह्यांनी मारलं, उजवा डोळा फुटला, गुडघ्याची वाटी गेली. खोप पेटवली, मोटार उपसून विहिरीत टाकली. फौजदार आले नसते तर आम्ही दोघंही त्याच खाडीत गेलो असतो.

मनुबाई तिथेच संपली होती. काशी अलिबागला दवाखान्यात आहे. ताप उतरत नाही. तिला काही आठवत नाही म्हणतात.

यांना पकडून नेलंय. मी घरी आहे. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, जेवायला मात्र वाढतात.

केसर


लालबाग, मुंबई, २४ जानेवारी १९६४

केसर,

पत्र जनीला वाचून दाखवता आलं नाही. तिनंच माझ्या हातातून घेऊन वाचलं, मग भिंतीकडे तोंड करून बसली.

तू केलंस ते गिरणीतल्या मुरलेल्या वायरमनला जमलं नसतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे लिहितो ते तुला आवडणार नाही.

कोर्टात साक्ष देऊ नकोस. म्हणजे दे, पण म्हण की डोकं आपटून मी पडले, मला काही दिसलं नाही. तार त्यानं लावली हे कोळीवाडा सांगेल, त्याला शिक्षा व्हायची ती होईल. तो दांड्यापुढे उभा होता हे एकट्या तुला ठाऊक आहे. ते तू बोललीस तर त्याची भावकी तुला वाडीत जगू देणार नाही. कोयत्यानं बोलणारी घरं आहेत ती. कोर्ट एका दिवसाचं असतं, केसर. मनुबाई त्यानं परत येणार नाही. माझी बहीण एकच आहे. एकाला धरून दुसरा मेलेला मी पाहिलाय, आता मेलेलीला धरून तू जाऊ नकोस.

साक्ष झाली की इकडे ये. खोली लहान आहे, पण आहे.

गुणाजी


रेवदंडा, ५ फेब्रुवारी १९६४

दादा,

तुझा राग आला नाही. तुझ्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं. पण तुला अर्धंच कळलंय, कारण मलाही उरलेलं परवा कळलं.

यांचा वकील आला होता. ओसरीवर बसून सासूबाईंशी बोलला, मी आत होते. त्याचं म्हणणं असं: तार डुकरांसाठी होती. सकाळी दांडा खाली करायचा राहिला, ही चूक. आरडाओरडा ऐकून आरोपीनं धावत जाऊन वीज बंद केली, ते सगळ्या गावानं पाहिलं. आणि मनुबाईच्या मनगटावर, काशीच्या हातावर जे घाव आहेत ते बांबूचे. बांबू कोणाच्या हातात होता, तेही गावानं पाहिलं. बाई विजेनं मेली की मारानं, असा प्रश्न तो कोर्टाला विचारणार आहे.

सासूबाईंनी विचारलं, 'म्हणजे सून अडकंल?' तो म्हणाला, 'मुलगा सुटेल.'

मग म्हणाल्या, 'चालंल.'

हे यांनी तुरुंगातून सांगून पाठवलंय, दादा. माझं नाव यांनी दिलंय.

वकील गेल्यावर मी बाहेर आले. सासूबाई विळीवर नारळ खवत बसल्या होत्या. मी म्हटलं, मी खरं तेच सांगणार. त्यांनी विळी उचलून फेकली. कानाजवळून गेली आणि दारात रुतली. मी ती काढून त्यांच्यासमोर ठेवली, आणि उरलेला नारळ खवला. मग भावकीतला कोंडाजी आला आणि म्हणाला, साक्ष देऊन परत येशील तेव्हा वाडीत विहीर आहे हे ध्यानात ठेव.

मी गप्प राहिले तर मनुबाई मी मारली असं ठरेल. काशीलाही तेच सांगतील, आणि तिला आठवत नाही म्हणून तिला ते पटेल. विहिरीत मरायचं तर मरेन, पण ते नाव अंगावर घेऊन नाही.

केसर


लालबाग, मुंबई, ११ फेब्रुवारी १९६४

केसर,

मागच्या पत्रात लिहिलेलं सगळं फाडून टाक. तारीख कळव. मी येतो. गिरणीनं नोकरी घेतली तर घेऊ दे. कोंडाजीला सांग, केसरचा भाऊ वाडीत राहायला येतोय, आणि त्याला विहिरीत उतरता येतं.

गुणाजी


लालबाग, मुंबई, १९ जून १९६४

केसर,

सुखरूप पोचलो. नोकरी आहे, तीन दिवसांचा पगार कापला. जनी सारखी विचारते कोर्टात काय झालं, आणि मी सांगायला बसलो की मध्येच उठून नळावर जातो. तू पिंजऱ्यात होतीस, तुझी पाठ आमच्याकडे. मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

दांड्यापुढे कोण उभं होतं, असं विचारल्यावर तू बोलेनास. तुळशीरामचा वकील म्हणाला, बाईला आठवत नाही. मला कळलं तुझं काय अडलंय. उभ्या जन्मात तू नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतंस. मग तू स्पष्ट म्हणालीस, 'तुळशीराम.' तेव्हा त्यानं उरलेला डोळा पहिल्यांदा वर केला. तुझ्या सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

मग त्या वकिलानं विचारलं, काशीला किती जोरात मारलंस, आणि तू म्हणालीस, 'हाड मोडेपर्यंत.' माणसं खवळली. दादू उठला, मी त्याच्या मागेच होतो, माझ्या मुठी आवळल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून काशी उभी राहिली. तिची साक्ष आधीच होऊन गेली होती, आठवत नाही म्हणून. तिनं तो वाकडा हात दुसऱ्या हातानं वर धरला आणि ओरडली, 'आठवला! मला सगला आठवला! हिनं मारला म्हनून मी सुटली!' शिपायानं तिला खाली बसवलं, जज्जसाहेबांनी दटावलं. तिचं बोलणं कागदावर आलं की नाही मला ठाऊक नाही. पण दादू खाली बसला तो उठलाच नाही. डोकं गुडघ्यांत घालून बसून राहिला.

निकाल लागला की लगेच कळव. कोंडाजीच्या घरी मी जाऊन आलोय. काय बोललो ते लिहीत नाही. तो तुला त्रास देणार नाही.

गुणाजी


रेवदंडा, १२ जुलै १९६४

दादा,

निकाल लागला. दहा वर्षं सक्तमजुरी. बाहेर नेताना हे माझ्याजवळून गेले. वाटलं थुंकतील. काहीच केलं नाही. लंगडत गेले. मला आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. घरी येऊन मी अंगण झाडलं.

मी मुंबईला येणार नाही. रागावू नकोस. वाडी बघायला कोणी नाही, आणि सासूबाईंना दिसेनासं झालंय. आम्ही दोघी एका घरात राहतो. त्या मला नावानं हाक मारत नाहीत, 'ए' म्हणतात. परवा ताप आला तेव्हा रात्री माझ्या कपाळावर त्यांचा हात होता. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, मी कशाला ठेवीन.

रविवारी दादू आला. मी सुपारी निवडत होते. वाटलं, मारायला आला. कोयता जवळ होता, पण उचलला नाही. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, 'मला आडवा मारलास, तवा तारेत वीज होती?'

मी म्हटलं, 'होती.'

'आनी तुजा नवरा पेटीफुडं हुबा होता तवा, मनू जिती होती?'

कोर्टात हे कोणी विचारलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं, दादा. लगेच गेली, काही कळलं नाही, असं सांगून त्याला घरी पाठवता आलं असतं. पण त्याला खोटं चाललं नसतं, ते त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

'जिती होती,' मी म्हटलं. 'मी खोपीकडे पळाले तेव्हा जिती होती. परत आले तेव्हा काशीचे डोळे हलत होते, तिचे न्हाय.'

तो खाली बसला. मग त्यानं जमिनीवर मुठी मारायला सुरुवात केली, बोटांची सालं निघेपर्यंत. ओरडला नाही. मी थांबवलं नाही. दमल्यावर उठला आणि म्हणाला, 'तुला मारली मी.'

'व्हय.'

'उद्यापास्नं बाया या वाटेनं येतील.'

'येऊंदे,' मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाडीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले. का, ते मला ठाऊक नाही. बाया आल्या, एकामागून एक. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. पाट्यांचं पाणी माझ्या पायांवर गळत गेलं. सगळ्यांच्या मागे काशी. पाटी डाव्या हातानं धरलेली, उजवा हात पोटाशी, कोपराखाली वाकडा जुळलेला. ती थांबली.

'असाच र्‍हायला,' हात दाखवून म्हणाली. 'जाळं वढवत न्हाय आता.'



'तू मला मारलास तवा मी बघत होती तुज्याकडं,' ती म्हणाली. 'एक इचारू? मनूला आदी का न्हाय मारलास?'

दादा, साक्षीच्या वेळी त्या वकिलानं मला उलटसुलट किती विचारलं. हे विचारलं असतं तर मी तिथेच कोसळले असते. कारण उत्तर एवढंसं आहे.

'तू जवळ होतीस,' मी म्हटलं.

काशी माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली, पाटी सावरली आणि बाकीच्या बायांना गाठायला भरभर निघून गेली.

केसर